बंदुकीकडून दुर्बिणीकडे : महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षण आणि सुतार पक्षी

महाराष्ट्रातील पक्षी-अभ्यासाची सुरुवात बंदुकीने झाली. एकोणिसाव्या शतकात एखाद्या रानात अमुक पक्षी आहे असे म्हणायचे, तर त्याचे कातडे पुढे ठेवावे लागे. भुसा किंवा कापूस भरलेले कातडे, चोचीची आणि पंखांची मापे, मिळाल्याची जागा व तारीख एवढा ऐवज असला की नोंद पक्की होई. पक्ष्यांची शास्त्रीय नावेही बहुधा कातड्यांवरूनच ठरत. मराठा सुतार या पक्ष्याचे शास्त्रीय नाव जॉन लॅथम या इंग्रज अभ्यासकाने १८०१ मध्ये दिले. त्या नावात मराठी मुलखाचा निर्देश आहे, पण लॅथमने हा मुलूख पाहिलेला नव्हता.

प्रत्यक्ष दख्खनमध्ये हिंडून पक्ष्यांची पहिली मोठी यादी केली ती कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने. ती १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. १८६२ ते १८६४ या काळात जर्डनचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ निघाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या हौशी मंडळींना आधार मिळाला. ए. ओ. ह्यूम यांनी १८७२ पासून चालवलेल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात खंडाळा-महाबळेश्वर, दख्खन आणि दक्षिण कोकण येथील पक्ष्यांच्या याद्या छापून आल्या. त्या करणाऱ्यांत मुलकी अधिकारी आणि मिशनरी होते, आणि मुख्य साधन बंदूकच होते.

१८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. आठांपैकीच एक असलेल्या ई. एच. एटकिन यांनी १९०० मध्ये मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिले; ते घराच्या आसपास पक्षी पाहणाऱ्या वाचकासाठी होते. १९०८ मध्ये छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन शाळकरी सालिम अली सोसायटीत आले. मानद सचिव मिलर्ड यांनी ती ओळखली आणि तिथला संग्रह त्यांना दाखवला. पुढच्या काळात पक्षी ओळखण्यासाठी तो मारण्याची गरज उरली नाही, यात या मुलाचा वाटा मोठा होता.

या बदलाला दोन साधनांनी हात दिला. १८९४ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीने लोलकाच्या दुर्बिणी विक्रीला आणल्या. पुढे पुस्तकेही सोपी झाली : ह्यू व्हिसलर यांचे १९२८ मध्ये आणि सालिम अलींचे, रंगीत चित्रांसह, १९४१ मध्ये आले. त्याआधी १९३० मध्ये सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीवर पाळत ठेवली होती. नर एकामागून एक घरटी विणतो, मादी पसंत पडलेल्या घरट्यात अंडी घालते, हे त्यातून कळले. कातड्यावरून असले काही कळणे शक्य नव्हते.

सुतार पक्षी न मारता पाहण्याच्या या नव्या रीतीला विशेष मानवतात, कारण ते आधी ऐकू येतात. भक्ष्य शोधतानाची ठकठक अनियमित असते. विणीच्या हंगामात काही जाती पोकळ फांदीवर चोचीने जलद ताल धरतात, तो हद्द सांगण्यासाठी. आवाजाच्या रोखाने गेले, तरी चाहूल लागताच पक्षी खोडाच्या पलीकडे सरकतो. मग हालचाल न करता थांबावे लागते, आणि तो कडेने डोकावला की पाहणाऱ्याला होणारा आनंद मोठा असतो. पानगळीच्या रानात माघ-फाल्गुनात फांद्या उघड्या असल्याने हे काम सोपे होते.

सोनपाठी सुतार ओरडत, हेलकावे घेत उडतो. तो बागांतही दिसतो. मराठा सुतार लहान, कोरड्या माळाच्या बाभळींवर आणि आंबराईत वावरणारा. त्याच्या कपाळावर पिवळा रंग, नराच्या मानेमागे लाल पट्टा आणि पोटावर लाल डाग असतो. तांबडा सुतार झाडावरच्या मुंग्यांच्या घरट्यातच ढोली कोरून अंडी घालतो. सुतारांनी सोडलेल्या ढोल्यांत पुढे मैना, पोपट आणि पिंगळे राहतात, म्हणून वाळके झाड उभे राहणे रानाच्या हिताचे असते.

१९६० च्या सुमारास झफर फत्तेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी वार्तापत्र सुरू केले आणि विखुरलेल्या हौशी लोकांच्या नोंदी एकत्र येऊ लागल्या. १९६८ मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनमानी शिकारीला आळा बसला. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून रान आणि पाखरे मराठी घरांत पोचली. २०१३ पासून भारतात दर फेब्रुवारीत होणाऱ्या सार्वजनिक पक्षिगणनेत हजारो लोक फोनवरून नोंदी पाठवतात. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोहोंमधला आठवडा राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. जिथे कातडे हाच पुरावा होता, तिथे आता वेळ, ठिकाण, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण पुरेसे ठरते.