‘दा विंची कोड’ : इतिहास किती, कल्पना किती?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्ककडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या भरून वाहू लागल्या, त्याच सुमारास अमेरिकन लेखक डॅन ब्राऊन यांच्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने (२००३) जगभरातील वाचकांना झपाटून टाकले. संकेतलिपी, कोडी आणि एका रात्रीत उलगडणारे रहस्य हा मसाला संगणकाच्या दुनियेत रमणाऱ्या तरुण वाचकाला भावला नसता तरच नवल! पुढे ती मराठीतही आली. मे २००६ मध्ये तिच्यावरील चित्रपट भारतात आला तो मात्र वादळ घेऊनच. सेन्सॉर बोर्डाने त्याला ‘केवळ प्रौढांसाठी’ प्रमाणपत्र दिले आणि हे कथानक काल्पनिक असल्याची सूचना पडद्यावर दाखवायला लावली. गोव्यासह काही राज्यांनी चित्रपटावर बंदी घातली. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातील बंदी तेथील उच्च न्यायालयांनी उठवली.

गंमत अशी, की पडद्यावर ‘सारे काल्पनिक’ असे सांगणाऱ्या या कथेच्या मूळ पुस्तकाचे पहिलेच पान नेमके उलट सांगते. कादंबरीतील कलाकृती, वास्तू, कागदपत्रे आणि गुप्त विधी यांची वर्णने अचूक आहेत, अशी ग्वाही लेखक तेथे देतो. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही गुप्त संघटना १०९९ पासून अस्तित्वात असल्याचेही तेच पान सांगते. प्रत्यक्षात या नावाची संस्था पिएर प्लांतार या फ्रेंच गृहस्थाने १९५६ मध्ये नोंदवली. तिच्या प्राचीनत्वाचे ‘पुरावे’ १९६० च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात रीतसर जमा करण्यात आले होते! ग्रंथालयात कागद सापडला, एवढ्याने तो जुना ठरत नाही.

कादंबरीकाराने कल्पनेचे पंख लावू नयेत, असे कोणीही म्हणणार नाही. ‘स्वामी’ आणि ‘छावा’ वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला हे स्वातंत्र्य नवे नाही, आणि त्याचे धोकेही नवे नाहीत. संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या चिटणीस बखरीतील चित्र नाटक-कादंबऱ्यांनी प्रमाण मानले. ते पुसायला वा. सी. बेंद्रे यांना समकालीन कागदपत्रे धुंडाळावी लागली. त्यांचा चरित्रग्रंथ १९६० मध्ये आला. कागद कधीचा, कोणत्या भाषेतला आणि कोठे मिळाला, हे बेंद्रे यांच्या कामामागचे प्रश्न आरंभीच्या ख्रिस्ती धर्माच्या इतिहासालाही तितकेच लागू पडतात.

कादंबरीतील टीबिंग हा पंडित सांगतो, की इ. स. ३२५ मधील नायसियाच्या परिषदेपर्यंत येशूला अनुयायी केवळ मर्त्य मानव मानत होते. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पुढाकाराने निसटत्या मतदानाने त्याला देवत्व बहाल झाले. आजच्या तुर्कस्तानातील इझनिक म्हणजे तेव्हाचे नायसिया. तेथे सुमारे ३०० बिशप जमले होते आणि अखेरीस श्रद्धासूत्रावर सही करण्यास नकार देणारे निघाले अवघे दोन. याला निसटते मतदान कसे म्हणावे? येशू देव आहे की नाही हा तेथील वाद नव्हताच. तो पित्याशी समतत्त्व आहे की पित्याने निर्माण केलेला, हा एरियसने उपस्थित केलेला प्रश्न होता. त्याआधी दोनशे वर्षे, इ. स. ११२ च्या सुमारास, धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्रेजनला लिहितो, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता. त्याने तर त्यांच्यापैकी काहींना देहदंड दिला होता. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

बायबलमध्ये कोणती पुस्तके घ्यायची हेही नायसियात ठरले, असा समज या कादंबरीनंतर फार पसरला. परिषदेचे २० नियम उपलब्ध आहेत. धर्मगुरूंनी व्याज घेऊ नये, रविवारी प्रार्थना उभ्याने करावी, असले विषय त्यांत आहेत. पुस्तकांची यादी नाही. चार शुभवर्तमानांचा आग्रह इ. स. १८० च्या सुमारास इरेनियसने धरला होता, तर नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आजची यादी अथानासियसच्या ३६७ च्या पत्रात प्रथम दिसते. कॉन्स्टंटाइनने बायबलच्या ५० प्रती करवून घेतल्या हे खरे. पण प्रती काढणे वेगळे आणि ग्रंथ घडवणे वेगळे.

मरिया मग्दालिया ही येशूची पत्नी, हा तर कादंबरीचा कणाच. त्यासाठी फिलिपच्या शुभवर्तमानाचा दाखला दिला जातो. त्यातील ‘सहचरी’ या शब्दाचा अरमाईक भाषेत अर्थ पत्नी होतो, असे टीबिंग सांगतो. पण १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेली ही पोथी कॉप्टिक भाषेत आहे आणि तो शब्द ग्रीकमधून आलेला, भागीदार किंवा सोबती अशा व्यापक अर्थाचा. येशू तिचे चुंबन घेत असे, या वाक्यात तर नेमक्या जागी पोथीला भोक पडले आहे! शिवाय ही रचना दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली. मार्कचे शुभवर्तमान मात्र इ. स. ७० च्या आसपासचे. चिटणीस बखरीची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

मात्र एका बाबतीत कादंबरी बरोबर आहे. मरिया वेश्या होती असे कोणतेही शुभवर्तमान म्हणत नाही. तिला पापिणी ठरवणारी सरमिसळ पोप पहिले ग्रेगरी यांच्या ५९१ च्या प्रवचनाने रूढ झाली. ती दूर होण्यास १९६९ ची पंचांगसुधारणा उजाडावी लागली. २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. बंदीची मागणी करणाऱ्यांनी ही बाजूही वाचायला हवी होती. हिंजवडीहून पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठात धर्मशास्त्राचे शिक्षण दिले जाते. म्हणजे शंका विचारायला व्हॅटिकन गाठण्याची गरज नाही.

चुका कादंबरीकारच करतात असेही नाही. ‘येशूने पत्नीचा उल्लेख केला’ असे सुचवणारा कॉप्टिक पपायरसचा एक तुकडा २०१२ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापक कॅरन किंग यांनी जाहीर केला. वृत्तपत्रांनी अर्थातच ‘दा विंची कोड’ची आठवण काढली. पपायरस जुना होता, पण मजकुराचे व्याकरण अभ्यासकांना खटकत होते. थॉमसच्या शुभवर्तमानाच्या इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या एका प्रतीत टंकनाची चूक राहिली होती. ती या ‘प्राचीन’ तुकड्यातही जशीच्या तशी उतरलेली आढळली. २०१६ मध्ये तुकड्याच्या मालकाचा पूर्वेतिहास एका पत्रकाराने उघड केला आणि तो बहुधा बनावट असल्याचे खुद्द किंग यांनीही मान्य केले.