मण्यार नावाची नौका

सिडनीच्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला जी सुमारे ७० फूट लांबीची, बुटकीशी लाकडी नौका जतन करून ठेवलेली आहे, तिच्यामुळे एके काळी सिंगापूरच्या जपानी लष्करी अंमलाची झोप उडाली होती, हे तिच्याकडे पाहून कोणाच्या मनातही येणार नाही. कारण १९३४ साली जपानात बांधलेली ही ‘कोफुकू मारू’ मुळात मासळीच्या धंद्यातली, आणि सिंगापूरच्या पाण्यातच तिचे पूर्वायुष्य गेले.

युद्ध पेटताच इंग्रजांनी ती जप्त केली. १९४२ साली बिल रेनॉल्ड्स या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीने सुमात्राच्या किनाऱ्यालगत बुडालेल्या जहाजांवरील अकराशेहून अधिक माणसे याच नौकेने सुरक्षित स्थळी पोचवली आणि पुढे तिला हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आणले. पुढे ज्याच्या नेतृत्वाखाली ती सिंगापूरच्या छाप्याला गेली, त्या मेजर आयव्हन लायनने तिला ‘क्रेट’, म्हणजे आपल्याकडची मण्यार, हे नाव दिले. लहान, शांत आणि दंश जिव्हारी, असा तो सर्प. याहून समर्पक नाव मला सुचत नाही.

२ सप्टेंबर १९४३ रोजी १४ माणसे घेऊन ती ऑस्ट्रेलियाच्या एक्समथ आखातातून निघाली. डोलकाठीवर जपानी निशाण, कमरेला सारोंग आणि अंगाला फासलेला तपकिरी रंग, असा वेष धारण करून ती माणसे शत्रूच्या समुद्रातून दिवसाढवळ्या गेली. २६ सप्टेंबरच्या रात्री त्यांच्यापैकी सहा जण, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या तीन घडीच्या होड्यांतून, सिंगापूरच्या बंदरात शिरले आणि नांगरलेल्या जहाजांच्या पाण्याखालच्या भागाला चुंबकी सुरुंग चिकटवून आले. पहाटे स्फोट झाले, सात जहाजे बुडाली वा निकामी झाली. परतीच्या वाटेवर लोंबोकच्या सामुद्रधुनीत एक जपानी युद्धनौका काही काळ अगदी जवळून समांतर चालली आणि हटकल्यावाचून निघून गेली. १९ ऑक्टोबरला सर्वच्या सर्व १४ जण सुखरूप परतले.

परंतु हे काम बाहेरून आलेल्यांचे असेल, हे केंपेताईच्या, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांच्या, ध्यानीही आले नाही. १० ऑक्टोबर रोजी, दहाव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला, त्यांनी चांगी तुरुंगातील युरोपीय बंदिवानांवर धाड घातली, मागोमाग नागरिकांनाही धरले. एकूण ५७ जणांना कैद करून त्यांचा अनन्वित छळ केला, त्यांत १५ जण दगावले. रुग्णालयात उपाहारगृह चालवणारी एलिझाबेथ चॉय बंदिवानांना पैसे व औषधे पोचवीत असे. तिलाही महिनोन्‌महिने कोठडी आणि विजेचे झटके सोसावे लागले. क्रेटचा इतिहास सांगताना त्या पंधरा मृतांचा उल्लेख तळटीपेत ढकलला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. ज्या कृत्याची त्यांना वार्ताही नव्हती, त्याचे मोल त्यांनी दिले.

पुढल्या वर्षी लायन पुन्हा निघाला, या खेपेस ‘पॉरपॉइज’ या पाणबुडीतून, २२ सोबती घेऊन. कोणीही परतले नाही. पकडलेल्यांपैकी दहा जणांचा शिरच्छेद ७ जुलै १९४५ रोजी सिंगापुरात झाला. जपानच्या शरणागतीला तेव्हा सहा आठवडेही उरले नव्हते.

नौका मात्र वाचली. युद्धानंतर ती बोर्निओत लाकडाच्या व्यापारात राबत होती. १९६४ साली ऑस्ट्रेलियात लोकवर्गणी जमवून तिला परत आणण्यात आले. लायन आणि ते दहा जण सिंगापूरच्या क्रांजी दफनभूमीत आहेत.