गोंडा, गोफ आणि पटवेकरी

दोरीचे टोक मोकळे सोडले की तिचा पीळ सुटू लागतो. गाठ मारली तर पीळ थांबतो, पण गाठीखाली चार धागे लोंबत राहतातच. ते कापून टाकण्याऐवजी त्यांत आणखी धागे मिसळायचे, मानेशी घट्ट आवळायचे आणि खालून एकसारखे कातरायचे, म्हणजे गोंडा होतो. गोंडा ही आधी दोरीची सोय आहे, शोभा तिच्यामागून आलेली. म्हणूनच महाराष्ट्रात गोंडा जिथे जिथे दिसतो तिथे तिथे मागे एखादी दोरी सापडते: पालखीच्या दांडीवरून सुटलेली, अब्दागिरीच्या कडेची, ढोलकीच्या गळ्यातली, ठुशी मानेमागे बांधायची, वेणीत गुंफायची किंवा बैलाच्या कपाळावरची. बाळाच्या टोपीवरचा आणि कोल्हापुरी चपलेवरचा गोंडा एवढेच ठळक अपवाद.

ही कामे करणारे हात पूर्वी दोन वेगळ्या ठिकाणचे होते. शहरात आणि बाजारपेठेच्या गावी रेशीम व जर हाताळणारे पटवेकरी, तर खेड्यात सूत, अंबाडी, ताग आणि घायपात वळणारे दोरवाले. दोघांची पद्धत जवळपास सारखी असली तरी गिऱ्हाईक आणि कच्चा माल पूर्ण निराळा, आणि पुढे दोघांचे जे झाले तेही निराळेच.

पटवेकऱ्यांची नोंद इंग्रजी अमदानीतल्या दप्तरांत स्वतंत्रपणे आढळते. 1885 साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने पटवेकऱ्यांची ओळख गोंडे करणारे अशीच दिली आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या ग्रंथात मध्य प्रांतातील पटवा जातीचे वर्णन आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे मराठी जिल्हे तेव्हा त्याच प्रांतात होते. 1911 च्या शिरगणतीत त्या सबंध प्रांतात पटवे जेमतेम सहा हजारांच्या घरात होते, आणि तेही मुख्यतः सागर, जबलपूर, नरसिंहपूर, होशंगाबाद, रायपूर या हिंदी-छत्तीसगढी जिल्ह्यांत. एवढ्या मोठ्या मुलखाला एवढे थोडे कारागीर पुरत, कारण पटवेकऱ्याकडे रोजच्या निकडीचे काम नसे. लग्नसराई, सणवार आणि तुटलेला सर, यांवर त्याचे वर्ष चाले.

पेशवाईच्या काळात या कामाला दरबारी गिऱ्हाईक होते. पालखी आणि अब्दागिरी हे मान सनदेने मिळत, आणि मान मिळाला की त्याचा सरंजामही तसाच दिसावा लागे. पालखीचा झगझगीत कपडा, त्याच्या कडेची झालर, दांडीचे गोंडे, हत्तीची झूल, घोड्याच्या गळ्यातले आणि खोगिराचे गोफ, तलवारीच्या मुठीचा गोंडा, हे सगळे धाग्याचे काम होते. पगडीला जरीचा काठ आणि झिरमिळ्या लागत. 1818 साली पेशवाई गेली तशी ही मागणी आटली. संस्थानांत आणि देवस्थानांत ती काही प्रमाणात उरली. देवाच्या पालखीला सनदेची गरज नव्हती. पण पटवेकऱ्याचा खरा आधार दरबार नव्हताच. तो होता बायकांचे दागिने.

मराठी दागिन्यांतले कित्येक प्रकार सोनार अर्धेच करतो. ठुशीचे मणी, पुतळ्या, बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजाची पाने, तन्मणीचे मोत्यांचे सर हे सोनाराकडून सुटे येतात. ते रेशमावर ओवून, मागे बांधायचा गोफ जोडून, गोफाच्या टोकांना गोंडे लावून दागिना पुरा करायचा तो पटवेकऱ्याने. या कामाला दागिना गाठवणे असा शब्द आहे. काळ्या पोतीत मंगळसूत्राच्या वाट्या गाठवणे हे त्यातले सर्वांत नेहमीचे काम, आणि ते बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच होते. सोने दुसऱ्याच्या हाती सोपवून निघून जायची पद्धत नव्हती.

पटवेकऱ्याची हत्यारे बघितली तर फारच थोडी: चाती, सुया, आकडा, कात्री आणि मेणाचा खडा. उरलेले काम त्याचा पाय करतो. बैठक मारून एक पाय पुढे घ्यायचा, धाग्याची घडी अंगठ्यात अडकवायची आणि ताण पायाने कमीजास्त करत दोन्ही हात गाठीसाठी मोकळे ठेवायचे. शिकाऊ पोराला आधी गाठ येत नाही असे नाही, ताण येत नाही. ढिल्या ताणावर वळलेला गोफ दिसायला बरा दिसतो, पण गळ्यात चार दिवस राहिला की लांबतो आणि ठुशी खाली घसरते.

दागिन्याचा गोंडा असा होतो. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. तो वजनाचा सुमारे चौथा हिस्सा भरतो आणि धागा राठ ठेवतो. सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात उकळून तो काढला की रेशीम मऊ पडते, चकाकते आणि रंग नीट धरते. मग चार-सहा पदर एका दिशेने पिळायचे आणि अशा दोन किंवा तीन पेडांना एकत्र करून उलट्या दिशेने पीळ द्यायचा. हे दोन पीळ एकमेकांविरुद्ध ओढत राहतात म्हणून गोफ आपोआप उलगडत नाही. टोकाशी मोकळ्या रेशमाची गुंडाळी घालून ती मध्यावर गोफाला बांधायची आणि दोन्ही अंगांनी खाली वळवायची, म्हणजे प्रत्येक धागा दुहेरी होतो आणि गाठीत त्याचा मधला भाग अडकतो. टोकाशी बांधलेला धागा ओढला तर सुटून येतो, मध्यावर बांधलेला येत नाही. गोंडा टिकाऊ की तकलादू हे बरेचसे इथेच ठरते. त्यानंतर मानेवर कलाबतूचे वेढे घालायचे, वेढ्याचे टोक सुईने आत लपवायचे आणि खालचे रेशीम वाफेवर धरून, विंचरून, कात्रीने सरळ छाटायचे. गोफ मानेमागे लहानमोठा करता यावा म्हणून दोन्ही दोऱ्यांवर एक सरकती गाठ असते. ती पुरेशी घट्ट असली पाहिजे आणि तरीही सरकली पाहिजे, आणि पटवेकऱ्याचा हात ओळखायचा तो या गाठीवरून.

एवढे करूनही रेशीम झिजतेच. घाम, तेल आणि सोन्याच्या मण्यांच्या भोकांची धार यांपुढे ते काही वर्षेच टिकते. मग दागिना पुन्हा गाठवायला येतो. पटवेकऱ्याचा धंदा शतकानुशतके चालला त्याचे साधे कारण हे की सोने झिजत नाही आणि धागा झिजतो.

मानेवरचे कलाबतू ही स्वतंत्र कारागिरी. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती जंतरातून, म्हणजे उतरत्या मापाच्या भोकांच्या पट्टीतून, ओढत ओढत केसाएवढी बारीक तार काढायची, ती ठोकून चपटी करायची आणि पिवळ्या रेशमावर गुंडाळायची. तार ओढणारे वेगळे, चपटी करणारे वेगळे, गुंडाळणारे वेगळे. पुण्यात हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही चालू होता, पण पश्चिम हिंदुस्थानात त्याचे मोठे ठाणे सुरत. युरोपातून यंत्रावर काढलेली स्वस्त जर येऊ लागल्यावर आणि नंतर सुरतेतच यंत्रे बसल्यावर पुण्याची तार मागे पडली. खऱ्या जरीत चांदी असल्याने ती हवेतल्या गंधकाने काळवंडते, म्हणून शेलेपागोटी सुती कापडात गुंडाळून ठेवण्याची रीत. काळवंडली तरी तिची किंमत मात्र जात नाही: जुनी जर विकत घेऊन ती जाळून चांदी काढणारे फेरीवाले गल्लोगल्ली फिरत. पेशवाईतले गोंडे आणि झालरी आज फारशा पाहायला मिळत नाहीत, याचे एक कारण त्यांच्या चांदीतच आहे.

रंगांच्या बाबतीत जुन्या कारागिराला निवड थोडी होती. पक्का तांबडा हवा तर मंजिष्ठा किंवा आल, किरमिजी हवा तर लाख, निळा नीळेचा, पिवळा हळदीचा. सर्वांत देखणा गुलाबी-केशरी रंग करडईच्या फुलांचा, म्हणजे कुसुंब्याचा, आणि तोच सर्वांत कच्चा: पाण्यात उतरतो, उन्हात विटतो. हळदीचीही तीच गत. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन याने डांबरापासून जांभळा रंग काढला. 1859 साली फ्रान्समधील ल्याँ शहरात फुक्सिन निघाला, ज्याच्या जातीचा भडक रंग मराठी बाजारात राणी कलर म्हणून रुळला आहे. दहा वर्षांनी मंजिष्ठेतले रंगद्रव्यच कारखान्यात बनू लागले. शतक संपेपर्यंत पुड्यांतले रंग बाजारोबाजारी पोचले होते. ते स्वस्त आणि झगझगीत होते, पण सुरुवातीचे बरेचसे प्रकाशाला कच्चे. गोंड्याच्या धंद्याने ते विनातक्रार स्वीकारले, कारण कुसुंब्याच्या गुलाबीची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला विटणारा रंग नवा नव्हता. बैलाचा गोंडा आणि पोळ्याची झूल आज ज्या रंगांत डोळ्यांपुढे येते ते रंग, म्हणजे ते राणी, ते पोपटी, ते जांभळे, या पुड्यांच्या नंतरचे आहेत.

बैलाचा साज हा खेड्यातल्या कामाचा मुख्य भाग. दोर वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. कासरा, वेसण, मोरखी, नाडा, सोल असे दोर शेतकऱ्याला पुरवायचे आणि सुगीला बलुते घ्यायचे, असा व्यवहार. अंबाडी किंवा घायपात पाण्यात कुजवायची, ठेचून, धुऊन वाक काढायचा आणि वाळल्यावर दोर वळायचा. दोराचे टोक उकलून तेच तंतू विंचरले आणि रंगवले की साधा गोंडा तयार. श्रावणी अमावास्येला पोळा, तर कोल्हापूर-सांगलीकडे त्याआधीच बेंदूर. या सणांआधीच्या आठवडी बाजारात नवे दोर, मठाट्या म्हणजे बैलाच्या कपाळपट्ट्या, गळ्यातले कंडे, गोंडे, बेगड आणि शिंगांचा हिंगूळ यांची दुकाने मांडली जात. रोजच्या दोराला गोंडा नसतो, पोळ्याच्या दोराला असतो. गाडीशर्यतीच्या आणि लग्नाच्या वऱ्हाडातल्या बैलांना तोच साज पुन्हा चढे.

मठाटीवरचा लोंबता नव्हे तर चेंडूसारखा गोल गोंडा लोकरीचा. त्यासाठी दख्खनी मेंढीची लोकर उपयोगाची नव्हती. ती राठ, आणि मुख्य म्हणजे काळी-करडी. घोंगडीला उत्तम, पण तिच्यावर पिवळा किंवा गुलाबी चढायचा नाही. तिचा आणि शेळीच्या केसांचा उपयोग काळ्या कंड्याला, दृष्ट लागू नये म्हणून. रंगीत गोल गोंड्याला पांढरी लोकर हवी होती, आणि ती लडीच्या रूपाने गिरण्यांनी आणली. कानपूरची लोकरीची गिरणी, जी लाल इमली नावाने ओळखली गेली, ती 1876 सालची. पंजाबात धारीवालची गिरणी तिच्यामागोमाग आली. त्या लडीतूनच घरोघरी बाळाची गोंड्याची टोपीही विणली जाऊ लागली.

गोल गोंड्याचे तंत्र सोपे वाटते, पण फसते तेही सहज. हाताच्या बोटांवर किंवा पुठ्ठ्याच्या चकतीवर लोकर गुंडाळायची, मध्यावर बांधायची, दोन्हीकडचे वेढे कापायचे आणि कात्रीने गोलाई द्यायची. आत डिंक नाही, टाका नाही: शेकडो तुकडे केवळ एका आवळलेल्या दोऱ्याच्या दाबाने आणि एकमेकांच्या घर्षणाने धरलेले असतात. म्हणून वेढे कमी पडले की तुकडे गळतात. बांधायला लोकरच वापरली तर ती ताणते आणि गाठ सैल पडते. तिथे मेण लावलेला पिळाचा सुती दोराच लागतो. लोकरीच्या केसाला नैसर्गिक कुरळेपणा आणि पृष्ठभागावर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि गोंडा वापराने उलट घट्ट होत जातो. गुळगुळीत रेशमाचा असा गोल गोंडा केला तर तो फार दिवस राहत नाही. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर लाल गोंडा बसवतात तोही याच घडणीचा. चामड्याची वेणी आणि तो गोंडा ही सगळी त्या चपलेची नजाकत.

लोकरीला दोन शत्रू, कसर आणि पावसाळ्याची बुरशी. दुसऱ्या महायुद्धानंतर जे धागे आले त्यांना हे दोन्ही ठाऊक नव्हते. 1950 साली अमेरिकेत अॅक्रिलिकचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. इटलीत जूलिओ नाता यांच्या 1954 सालच्या संशोधनानंतर त्याच दशकात पॉलीप्रॉपिलीन बाजारात आले. अॅक्रिलिक दिसायला लोकरीसारखे, रंगाला पक्के आणि उन्हाला फार चिवट, त्यामुळे गोल गोंड्याने ते चटकन उचलले. पॉलीप्रॉपिलीनची गोष्ट वेगळी. त्याला पाणी लागत नाही, ते कुजत नाही, रंग वितळलेल्या अवस्थेतच मिसळलेला असल्याने उतरत नाही. पण संरक्षक द्रव्य न घातलेला स्वस्त धागा उन्हात ठिसूळ होऊन त्याची भुकटी पडते. वर्षातून एक-दोनदा बांधून पुन्हा खुंटीला टांगायच्या साजाला ते चालून जाते. दोरवाल्यांवर मात्र या कृत्रिम धाग्यांचा घाव बसला. बाजारात वजनावर नायलॉनचा दोर मिळू लागल्यावर अंबाडी कुजवत बसण्याची गरज संपली, बलुत्याची पद्धत आधीच मोडली होती, आणि ट्रॅक्टर आल्यावर दावणीला बैलही कमी झाले. पोळ्याच्या बाजारात गोंडे आजही ढिगाने असतात, पण ते कारखान्यातून गोणीत भरून आलेले.

जरीचेही तसेच झाले. धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची फिल्म कापून केलेला धागा काळा पडत नाही, आणि जाळला तर त्यातून काहीच हाती लागत नाही. तयार लेस, झालर आणि फीत यांचा धंदा यंत्रमागांकडे गेला.

पटवेकऱ्याची गाठ मात्र यंत्राला फारशी साधलेली नाही, कारण प्रत्येक दागिन्याचे मणी, भोके आणि गळ्याचे माप निराळे. रेशमाच्या जागी पुष्कळदा नायलॉनचा दोरा आला, गोंड्यावरचे कलाबतू नकली झाले, पण ठुशी आणि मंगळसूत्र गाठवायला सराफ कट्ट्याच्या आसपास माणूस शोधावाच लागतो. त्याची जागा बहुधा दुकानाच्या पायरीवरची किंवा जिन्याखालची, हातभर रुंद.