मेंदीचा रंग आणि 'इंदू'ची फिल्म

आमच्या श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनाचे नाव बेलापूर. त्या स्टेशनासमोर माझे अब्बा टांगा हाकायचे. त्यांचा एकच फोटो माझ्याकडे आहे, काळा-पांढरा, 'इंदू' फिल्मवर काढलेला.

हे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नाही. फिल्म म्हटली की कोडॅक आठवते. पण 1960 साली सरकारने निलगिरीत, उटीला, हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. फ्रेंच सहकार्याने 1967 मध्ये उत्पादन सुरू झाले. 'इंदू' म्हणजे चंद्र. चांदीच्या क्षारांवर उमटणाऱ्या चित्राला हे नाव शोभून दिसले. तिच्या जोडीला पूर्व जर्मनीची 'ऑर्वो' येई. वोल्फेनचा तो कारखाना मूळचा आग्फाचा. 1964 पासून त्याच्या मालाला हे नवे नाव मिळाले. त्या देशाशी व्यापार रुपयांत चाले, परकीय चलन मोजावे लागत नसे. गरिबाघरचे चेहरे टिकले ते अशा फिल्मांमुळे.

कॉलेजात असताना मी संध्याकाळी एका स्टुडिओत काम करायचो. मालक म्हणाले, "परदेशी रोल तुला परवडायचा नाही. हा घे, आपला उटीचा." क्लिक थ्री कॅमेऱ्यात बारा फोटो निघत. अकरा मी घोड्यावर अन् उसाच्या गाड्यांवर घालवले. बारावा अब्बांचा.

प्रिंट पाहून अब्बा म्हणाले, "मेरी मेंदी किधर गई रे?" त्यांची लालभडक दाढी फोटोत करडी दिसत होती. फिल्म हलकी निघाली, असे मला वाटले. मालकांनी समजावले, "दादासाहेब फाळक्यांच्या काळी फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल कुंकू काळे उमटे. हिला सगळे रंग दिसतात, पण सांगते ती करड्या छटांत. फिल्मचा दोष नाही."

पुढे रंगीत रोल आले, मग डिजिटल. उटीचा कारखानाही बंद पडला. अलीकडे मुलीने चेक देशातली 'फोमा' फिल्म मागवली. त्याच क्लिक थ्रीत घालून मी पाहिली. फोटो छान आले. ते बघता बघता तिने विचारले, "आजोबांची दाढी पांढरी होती का हो?"

मी चरकलो. ती मेंदी पाहिलेला घरात आता मी एकटाच. अब्बांचा फोटो काढला आणि मागे शाईने लिहिले : दाढी लाल, मेंदीची.