जादा रेग्युलेटर नेमका कुणासाठी? एका पिवळ्या नळीचा इतिहास

गेल्या सीझनला मालवणला स्कूबाला गेलो होतो. बोटीत गाइड पोरगा तयारी करत होता. चपळ, हसरा, पाण्यातच वाढलेला. त्याच्या टाकीला दोन रेग्युलेटर होते. एक तोंडात धरायचा, तो काळ्या नळीचा. दुसरा पिवळ्या नळीचा, जादा. हा पिवळा पाठीमागे मोकळाच लोंबत होता आणि त्याचा माउथपीस बोटीच्या फळीवरच्या वाळूत घासत होता. मी विचारलं, "अरे, हा कुठे अडकवायचा नाही का?" तो हसला. "त्येची गरज पडूची नाय काका, मी आसंय मां!"

त्याचं खोटं नव्हतं. पाण्यात त्याने माझा हात एकदाही सोडला नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण तो पिवळा रेग्युलेटर त्याच्यासाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. हे कळायला जगभरच्या पाणबुड्यांना बरीच वर्षं लागली. तीच गोष्ट आज सांगतो.

सुरुवात 1943 सालची. दुसरं महायुद्ध चालू, फ्रान्समध्ये जर्मन फौजा, पेट्रोलचा खडखडाट. मोटारी गॅसवर चालवायच्या म्हणून एमिल गान्याँ नावाच्या इंजिनिअरने एक झडप बनवली होती. हवा तेवढाच गॅस सोडणारी. नौदलातला अधिकारी जाक कुस्तो याने ती पाहिली आणि दोघांनी मिळून ती पाण्याखाली श्वास घेण्यासाठी बदलून घेतली. हाच तो ॲक्वालंग. झडप मानेमागे टाकीवर, आणि तिथून दोन जाड, वळ्यावळ्यांच्या नळ्या तोंडापर्यंत.

या यंत्रात जादा काही नव्हतं. जोडीदाराची हवा संपली तर एकच माउथपीस दोघांत फिरवायचा. दोन श्वास तू, दोन श्वास मी. तोंडातून काढायचा, द्यायचा, थांबायचं, परत घ्यायचा, आत शिरलेलं पाणी फुंकून काढायचं. आणि हे सगळं करत वर यायचं. स्विमिंग पुलात सरावाला हे झकास जमतं. पण ज्याची हवा खरंच संपली आहे असा घाबरलेला माणूस दोन श्वास घेऊन मुकाट्याने माउथपीस परत देईल? सगळी पद्धत त्या एका भरवशावर उभी होती.

पुढचा बदल ऑस्ट्रेलियात झाला. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला 'पॉर्पॉइज' हा एका नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला. त्याने झडपेचे दोन भाग केले. एक टाकीवर, जो दाब बराचसा कमी करतो, आणि दुसरा थेट तोंडाशी. मधे एक बारीक नळी. आज आपण वापरतो ती रचना हीच. आणि ती आल्यामुळेच पुढचा विचार शक्य झाला. टाकीवरच्या भागाला एक नळी लागते, तर दुसरी का लावू नये?

1960 च्या दशकाच्या मध्यात ती लागली. बहामा बेटांवरच्या डेव्ह वुडवर्डला याचं श्रेय बरेचदा दिलं जातं. नळ्यांचा पसारा बघून लोकांनी त्याला नाव ठेवलं 'ऑक्टोपस'. हळूहळू ते जगभर रूढ झालं.

आता गंमत बघा. जादा वस्तू तर आली, पण ती ठेवायची कुठे? मोकळी सोडली की ती मागे लोंबते, वाळूत घासते, प्रवाळात अडकते, ऐन वेळी हाताला लागत नाही. खिशात कोंबली तर दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून नियम ठरत गेला. नळी पिवळी, म्हणजे गढूळ पाण्यातही दिसेल. जागा छातीवर, हनुवटी आणि दोन्ही बाजूंच्या खालच्या बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणात. आणि पकड अशी की एका झटक्यात सुटेल. कारण शोधणारा माणूस समोरून येणार आहे, आणि तो घाबरलेला आहे.

फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत हेही पुरेना. तिथे बोगदा इतका अरुंद असतो की दोघं शेजारी शेजारी पोहूच शकत नाहीत, एकामागे एकच जावं लागतं. शेक एक्स्लीसारख्या गुहा-पाणबुड्यांनी तिथे लांब नळीची पद्धत रुजवली. पुढे सात फूट हे माप रूढ झालं. त्याच मंडळींतल्या बिल मेन याचं नाव एका नेटक्या मांडणीला मिळालं. लांब नळीचा रेग्युलेटर स्वतःच्या तोंडात, आणि जादा मात्र रबरी दोरीने गळ्यात, हनुवटीच्या खाली. जोडीदार अडचणीत आला की आपल्या तोंडातला काढून त्याला द्यायचा आणि आपण गळ्यातला घ्यायचा.

ऐकायला उलटं वाटतं. पण घाबरलेला माणूस तसाही समोरच्याच्या तोंडातलाच ओढतो. शिवाय तो चालू आहे याची खात्री असते, आत्ता या क्षणी त्यातून कुणीतरी श्वास घेतच असतं. काही जण जॅकेट फुगवायच्या नळीलाच जादा रेग्युलेटर जोडून घेतात. तिथेही रीत हीच. तोंडातला द्या, जोडलेला आपण घ्या.

हा सगळा खटाटोप कशाला, त्याचा हिशोब सोपा आहे. 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाब म्हणजे साधारण 2400 लिटर हवा. मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्या माणसाला ती जमिनीवर दोन तास पुरेल. 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणजे 40 मिनिटं. आता समजा टाकीत 50 बार उरलेत आणि श्वास घेणारे दोघं. पाच मिनिटं. भीतीने श्वास दुप्पट झाला तर अडीच. त्यातला अर्धा मिनिट पाठीमागची नळी शोधण्यात गेला तर काय उरतं?

कुणी म्हणेल, मालवणची ट्राय डाइव्ह काही मीटरांचीच. खरं आहे. पण 10 मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट होते. श्वास रोखून घाबरून वर पळणाऱ्या नवख्याला कमी खोलीवरही फुप्फुसाची गंभीर इजा होऊ शकते. त्याला तिथेच, शांतपणे, हवा मिळणं हाच उपाय.

एवढ्या वर्षांच्या या इतिहासाचं सार माझ्या मते एका ओळीत मावतं. माझ्या अंगावरचा ऑक्टोपस तुझ्यासाठी, तुझ्या अंगावरचा माझ्यासाठी. माझी टाकी रिकामी झाली तर माझ्याच ऑक्टोपसमधून मला काही मिळणार नाही, तो त्याच टाकीला जोडलेला असतो. म्हणूनच तो कुठे अडकवायचा हे मालकाच्या सोयीने ठरत नाही.

आपल्याकडे 'आहे ना' म्हणून विषय संपवायची सवय आहे. लाइफ जॅकेट आहेत, पण गाठोडं बांधून बाकाखाली. आगीचा सिलिंडर आहे, पण कुलपाच्या आत. 'आहे' आणि 'हाताला लागतं' यात जीवाचं अंतर असतं.

त्या पोराला दोष देत नाही. सीझनला दिवसात किती माणसं खाली नेतात ही मुलं, त्यांच्या जिवावर आपलं पर्यटन चाललंय. साधनं तपासायची, पट्ट्या बदलायच्या ही जबाबदारी केंद्र चालवणाऱ्यांची आणि परवानगी देणाऱ्यांची. पण विचारायचं काम आपलंही आहे. पुढच्या वेळी बोटीत बसलात की फोटोचे किती हे विचारण्याआधी एवढंच विचारा: "भाऊ, तुझा पिवळा कुठाय? आणि मला लागला तर मी कसा घ्यायचा?"

त्या दिवशी मी ते दुसऱ्यांदा विचारलं. पोराने क्षणभर माझ्याकडे बघितलं, माउथपीस पाण्यात धुतला, फुंकून बघितला आणि छातीवर अडकवला. दहा सेकंद लागले.