दहा टक्के वेग, तेहतीस टक्के वीज

मंडळी, ओव्हरक्लॉकिंगच्या गप्पा नेहमी फ्रेम रेटवर येऊन थांबतात. आज जरा विजेच्या मीटरकडे बघू. कारण चिपच्या वेगाची आणि आपल्या वऱ्हाडातल्या लोडशेडिंगची गोष्ट एकाच सुमारास वळण घेते.

आधी थोडं गणित, घाबरू नका. चिपला लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. नुसता क्लॉक १० टक्के वाढवला तर वीजही साधारण तेवढीच वाढते. पण एका मर्यादेनंतर कार्ड टिकत नाही, स्क्रीनवर ठिपके नाचायला लागतात. मग व्होल्टेज वाढवावं लागतं. तेही १० टक्के वाढवलं तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे १.३३. वेग १० टक्के, वीज ३३ टक्के!

पूर्वी हे इतकं टोचायचं नाही. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसोबत १९७४ मध्ये दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही उतरवलं तर तेवढ्याच जागेत, तेवढ्याच विजेत जास्त वेग मिळतो. ही चैन जवळपास तीस वर्षं चालली. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही वीज गळायला लागली आणि व्होल्टेज उतरेना. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. ग्राफिक्स कार्डांची भूक मात्र वाढतच राहिली. २००६ च्या जीफोर्स ८८०० जीटीएक्सला स्लॉटमधले ७५ वॅट पुरेनात, वरून दोन वायरी जोडाव्या लागल्या.

आणि नेमकी हीच वर्षं अकोला-अमरावतीत लोडशेडिंगची! घरोघरी इन्व्हर्टर, पीसीखाली यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस झेपवतो साधारण ३६० वॅट. समजा कार्ड १५० वॅटचं, बाकी पीसी आणि मॉनिटर मिळून १८०. बेरीज ३३०, चालतंय. आता कार्डाचे ३३ टक्के, म्हणजे ५० वॅट वाढवा. झाले ३८०. लाइन गेली की यूपीएसही बसला, राजेहो!

त्यात आपला उन्हाळा. कार्ड ८० अंशांवर ठेवायचं आणि खोली २५ अंशांची, तर उष्णता बाहेर टाकायला ५५ अंशांचा फरक मिळतो. अकोल्याच्या मे महिन्यात खोली ४० वर गेली की उरतात ४०. पंखा किंचाळतो, चिप तापते, आणि तापलेली चिप वीज अजून गळवते.

पुढे अकोला जिल्ह्यातल्या पारसला २५० मेगावॅटचे दोन नवे संच आले, २००८ आणि २०१० मध्ये. कोळशावरच्या एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. ते जास्तीचे ५० वॅट रोज चार तास, म्हणजे महिन्याला ६ युनिट, चार किलोच्या आसपास कोळसा. एका घराला काहीच नाही, पण तो जळतो आपल्याच उशाशी.

२०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं स्वतःच क्लॉक चढवतात, विजेच्या मर्यादेत राहून. हाताने ताणायला फारसं उरलेलं नाही. २०२२ चं आरटीएक्स ४०९० तर ४५० वॅटचं, एकटंच त्या यूपीएसला भारी! म्हणून गणित उलटं चालवा. क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्के उतरवा: ०.९ गुणिले ०.८१, म्हणजे ०.७३. वेग दहा टक्के गेला, वीज सत्तावीस टक्के वाचली. वऱ्हाडातल्या मे महिन्यात मला तरी हाच सौदा परवडतो.