डोंगर नाही, झाड नाही, तरी ते निसर्गचित्र कसं?

गडद काळा, तपकिरी कॅनव्हास. मधूनच पेटल्यासारखे वर येणारे लाल, केशरी, पिवळे फटकारे. चित्राचं नाव 'ला तेर', म्हणजे धरती. अशा चित्राचा फोटो सोशल मीडियावर आला की 'यात नक्की दिसतंय काय?' ही कमेंट ठरलेलीच. सय्यद हैदर रझा यांच्या या चित्रमालिकेकडे पाहिलं, तर या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

अमूर्त निसर्गचित्र म्हणजे काय?

नेहमीच्या निसर्गचित्रात क्षितिज असतं, झाडं, घरं, सावल्या असतात. जागा चटकन ओळखता येते. अमूर्त निसर्गचित्रामागेही एखादी जागा असते, पण ती ओळखू येईल अशा वस्तू गळून पडतात. उरतात रंग, त्यांचा पोत आणि ब्रशचा वेग. उन्हातली तलखी, अंधारात रोखलेला श्वास, पावसाआधीचा गारवा यांना बाह्यरेषा नसते. त्यामुळे चित्रकार ते थेट रंगातून मांडतो.

मात्र प्रत्येक अमूर्त चित्र निसर्गचित्र नसतं. वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त'ही म्हणत नसत. त्यांच्या मते ती वस्तुनिरपेक्ष चित्रं होती.

रझांच्या चित्रात जंगल कुठून आलं?

रझांचा जन्म 1922 मध्ये मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात असल्यामुळे बालपण जंगलाच्या कुशीत गेलं. तिथल्या रात्रींची भीती, पहाट झाल्यावर वाटणारा सुटकेचा दिलासा आणि बाजाराच्या दिवशी गावात उसळणारे रंग यांबद्दल ते पुढे आयुष्यभर बोलत राहिले.

नागपूर आणि मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात ते शिकले. 1940च्या दशकात त्यांनी मुंबईचे रस्ते जलरंगात रंगवले. ते रस्ते सहज ओळखू येतात. म्हणजे हुबेहूब काढता येत नव्हतं म्हणून ते अमूर्ताकडे वळले, असं नाही. 1950 मध्ये ते फ्रान्सला गेले. तिथली गावं, घरं, चर्च रंगवता रंगवता आकार हळूहळू विरघळत गेले. 1962 मध्ये ते अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले. तिथे मार्क रॉथकोसारख्या चित्रकारांच्या कामाचा त्यांच्यावर परिणाम झाला. पुढे तैलरंगाऐवजी लवकर वाळणारा ॲक्रिलिक रंग हाती आला आणि हात आणखी मोकळा झाला.

1970च्या दशकातल्या 'तपोवन', 'ला तेर' या चित्रांत बालपणीचं जंगल परत आलं. त्यात झाड शोधून सापडत नाही. काळोखाचा दाब आणि त्यातून फुटणारा उजेड मात्र जाणवतो.

न पाहिलेली जागा रंगवता येते?

अमेरिकन चित्रकार जोन मिचेल यांनी ते केलं. मैत्रिणीने त्यांना लहानपणीच्या एका खोऱ्याची आठवण सांगितली. तिथे तिच्यासोबत जाणारा नात्यातला भाऊ खोरं पुन्हा पाहायची इच्छा मनात ठेवूनच गेला होता. मिचेल यांचीही बहीण 1982 मध्ये वारली होती. त्यांनी ते खोरं कधीच पाहिलं नव्हतं. तरी 1983-84 मध्ये त्यावर 21 चित्रं केली, 'ला ग्रांद व्हाले' नावाने. निळ्या-पिवळ्या रंगांनी गच्च भरलेल्या या चित्रांत क्षितिज नाही. दोघींचं दुःख आणि एका जागेची ओढ त्यात एकत्र आली.

मग असं चित्र पाहायचं कसं?

- शक्य असेल तर प्रत्यक्ष पाहा. माणसापेक्षा उंच कॅनव्हासवर चित्रकाराचा अख्खा हात, खांदा फिरलेला असतो. मोबाइलच्या स्क्रीनवर ते कळत नाही.
- आधी लांबून पाहा, मग जवळ जा. रंग कुठे जाड आहे, कुठे घाईने ओढलाय, कुठे ओघळलाय, ते बघा.
- 'हे काय आहे?' याआधी 'इथे गरम वाटतंय की गार, मोकळं की कोंदट?' असं स्वतःला विचारा.
- नाव शेवटी वाचा.

सगळ्यांना सारखंच वाटेल असं नाही. चित्र आवडलंच पाहिजे, असंही नाही.

रझा सुमारे 60 वर्षं फ्रान्समध्ये राहिले. 2016 मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचं दफन मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी झालं.